गोलूभाऊनं उचललेली खुर्ची

मोरबी, गुजरात
बुधवार

आदरणीय मधुकरमामाजींच्या पायाले (आणि सध्या खास करून कमरेले) भाचा विक्रमचा वाकून नमस्कार.

इकडे मी टाइल्सच्या भट्टीपाशी शेकून निघालो तरी बरा आहे. कौसल्यामामीले नमस्कार. एक्स-रेत काही निघालं नाही, हे मामीकडून समजलं, जीव भांड्यात पडला. तुमी माहा फोन उचलून नाही राहिले म्हणून पत्र लिहून राहिलो. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पोटात घाला. (शाळेतून मी लवकर सुटलो. सुटलो म्हणजे पळालो, हे तुमाले मालूमच आहे, पकडाले तुमीच धावले होते.)

मामाजी, आई गेल्यापासून गोलूभाऊची काळजी सगळ्यात जास्त तुमालेच, हे मी मानतो. त्याले वाचता येत नाही, हिशेब जमत नाही, सांगितलेलं उशिरा समजते. म्हणून तुमी त्याचे कायदेशीर पालक व्हाचा अर्ज टाकला. म्हणजे नागपूरचं घर बंद, बिछायत केंद्रावरचं, लग्नाच्या मंडपात खुर्च्या लावाचं काम बंद, अन् माह्याहून मोठा असलेला माहा सख्खा भाऊ पारशिवनीले तुमच्या ओसरीवर कोंबड्या राखत बसन. हे ऐकून गोलूभाऊनं जेवण सोडलं. शेजारच्या मोनालीनं फोन केला, मी सुपरवायझरले पोट दुखते म्हणून सांगितलं अन् गाडीत बसलो. (पोट खरंच दुखलं, पण ते गाडीतल्या समोशानं.)

रामदासपेठेतली मिनलताई वकील अशाच लोकायच्या हक्कासाठी लढते. तिनं मले चांगलं घोटून घेतलं. समज कमी असली म्हणून माणसाचा हक्क कमी होत नाही, मदतीले माणूस देता येते, डोक्यावर मालक बसवता येत नाही, अन् सगळ्यात आधी त्याले स्वतःले विचारा लागते. शेवटी म्हणाली, "अन् विक्रम, तिथं गोलूले बोलू दे. तू नोको बोलू गा." मी म्हटलं, बिलकुल.

नागपुरात सदरच्या ऑफिसात झालेल्या त्या सुनावणीचं तुमी तुमच्या बाजूनं गावात सांगितलंच असन. आता माह्या बाजूनं ऐका. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनं विचारलं, "गोलू, तुम्ही काम काय करता?" (गोलूभाऊनं मागे वळून पाहिलं. त्याले 'तुम्ही' कोण म्हणते?) तेवढ्यात तुमी बोलले, खुर्च्या उचलते. मॅडम म्हणाल्या, मी त्यांना विचारलं. मंग विचारलं, काम आवडतं का? मी म्हटलं, लय आवडते! मिनलताईनं टेबलाखालून माह्या पायावर सँडल ठेवली. मंग बिचाऱ्या मॅडमनं नुसतं चहा घेणार का विचारलं, तर तुमी म्हटलं "घेते" अन् मी म्हटलं "नाही घेत". गोलूभाऊ एकदा तुमच्याकडे, एकदा माह्याकडे, टेबल टेनिस पाहिल्यासारखा.

मंग तुमी भाषणाले उभे राहिले. मामाजी, इथं एक गोष्ट तुमाले सांगाची राहून गेली. बिछायतवाल्यायचा नियम असते: पाहुणा बसला असन तर खुर्चीले हात लावाचा नाही, अन् उठला का खुर्ची सोडाची नाही. नाही तर मंडप कधी खालीच होत नाही. मालकानं शिकवलेला हा नियम गोलूभाऊ मोडत नाही. तुमी उठले, त्यानं पाहिलं, पाहुणा उठला. खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली, दुसऱ्या खुर्चीवर चढवली अन् फडक्यानं पुसली बी. इकडे तुमी "याले माह्याशिवाय कोण सांभाळन?" म्हणून ठसक्यात बसले.

बाकी आवाज तुमी स्वतःच ऐकला.

मामी तुमाले ऑटोत घालून घेऊन गेली, त्यानंतरचं तुमाले मालूम नाही. मॅडमनं पदरात हसून घेतलं अन् मले म्हटलं, आता तुम्हीही बाहेर. मी दाराले कान लावला. आत विचारलं, "पारशिवनीला राहायला जायचं का?" मामाजी, उत्तर माह्या ओठावर येऊन बसलं होतं, मी तोंडात रुमाल कोंबला. मंग गोलूभाऊ बोलला, सावकाश, पण बोलला: "पोळ्याले जातो. पोळा झाला का वापस येतो. लग्नसराईत माह्याबिना खुर्च्या कोण लावन?"

झालं! पालकाची गरज नाही, असं ठरलं. घर त्याचं, काम त्याचं, मर्जी त्याची. आमी बाहेर येऊन तर्री पोहे खाल्ले. मी सवयीनं त्याच्यासाठी बिनातर्रीचे सांगितले, तर त्यानं पोहेवाल्याले थांबवलं, "मले तर्री जास्त." घाम पुसत दोन प्लेटा खाल्ल्या. मिनलताई इतकी हसली का तिच्या काळ्या कोटावर तर्री सांडली.

असो. कमरेले शेक देत जा, वाद कमी करत जा, अन् मामीच्या हाताखाली राहा.

तुमचा लाडका (आधी होता तो) भाचा,
विक्रम

ता. क. बँकेचे, घराचे कागद समजावून सांगाले एक मदतनीस पाहिजे, अन् तो गोलूभाऊनंच निवडाचा होता. माहंच नाव येईन म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. गोलूभाऊ म्हणे, "विक्रम नोको, तो लय बोलते." मिनलताई? "ताई फटाफट बोलते." मंग म्हणे, "मामाजी पाहिजे." मॅडमनं विचारलं, ते का? तर म्हणे, "मामाजीले बी लवकर समजत नाही. ते साहेबाले तीन-तीन डाव विचारते. तिसऱ्या डावाले मले बी समजते."

ता. क. दुसरं. तवा मामाजी, राग सोडा अन् सोमवारी सदरले मदतनीस म्हणून सही कराले या. खरं म्हणजे पत्र याच्याचसाठी लिहिलं, बाकी सगळं वर वर.

ता. क. तिसरं. आत्ताच गोलूभाऊचा फोन आला. तिथल्या खुर्च्या कडक आहेत अन् मामाजीची कमर दुखते, म्हणून मालकाले मागून नवरदेवाची लाल गादीवाली खुर्ची घेऊन येतो म्हणे. फक्त सही होईपर्यंत उठू नका म्हणावं. उठले तर त्याचा इलाज नाही.