कड्याची पाळी

दय २१, फसली १३३८

आज पुन्हा तोच गोंधळ! सकाळी कचेरीत पाऊल टाकलं आणि घंटी सुरू. कोण कोणाला बोलावतंय, कळायला मार्ग नाही. निजाम सरकारची ठाणी चार — बीड, चौसाळा, आष्टी, कडा. टेलिफोनची तार एकच. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांनी गप्प राहायचं, इतकी साधी गोष्ट! पण एकानं हँडल फिरवलं की चौघेही रिसीव्हर उचलतात. कुणी बोलायला, कुणी नुसतं ऐकायला. आणि जितके जास्त कान लागतात तितका आवाज बारीक होत जातो. सगळेच ऐकायला बसले की आष्टीचा जमादार रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

त्यात दौऱ्यावरच्या साहेबांचे पेशकार आष्टीच्या ठाण्यात तळ देऊन बसलेत. तंबूच्या मेखा, घोड्यांची चंदी, कोंबड्या, सगळं तारेवर. त्यांना कोण सांगणार, आता पुरे म्हणून? आणि बोलणी मात्र बीडच्या टेलिफोन मुन्शीला. म्हणजे मला.

घरी गेलो तर आत्याबाई एकट्या चुलीपुढे. जेवलो. चव कळली नाही.

दय २४

शिवकन्या भाऊबीजेला माहेरी कड्याला गेली ती परत यायचं नाव नाही.

निघायच्या दिवशी भांडण झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही, हे आत्याबाईंनी पुन्हा काढलं. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही, हाच तिचा राग. आत्याबाईंनी मला आईविना वाढवलं, त्यांना काय बोलणार? शिवकन्या गाडीत बसताना म्हणाली, "तुमचं सगळं ध्यान त्या तारंत. आता तुमच्यासंगं बोलायचं तर मी काय कड्याहून घंटी वाजवू?"

आणि मी शहाणा काय म्हणालो? सरकारी तारेवर खासगी बोलणं मना आहे!

हे खरंच तोंडातून गेलं. 

दय २७

सापडलं!

पेशकार आणि धर्मराज आज तारेवर एकमेकांवर ओरडत होते. धर्मराज म्हणजे चौसाळ्याच्या ठाण्यावरचा शिपाई. तोंडाळ, पण मनाचा मोकळा. दोघांचं ऐकताना एकदम आमची गावाकडची विहीर आठवली. विहीर एक, चुलते चार. मोट एकच चालायची, तरी कधी कुऱ्हाडी निघाल्या नाहीत. का? तर पाळी! आज ह्याची, उद्या त्याची. ज्याची पाळी त्याचं पाणी, बाकीच्यांनी विहिरीकडे फिरकायचं नाही. फक्त एक सूट होती. ज्याच्या घरी मयत किंवा बाळंतपण, त्यानं पाळी नसताना मागितलं तरी बैल सोडून बाजूला व्हायचं. विचारायचं नाही, कुरकुरायचं नाही.

तारेला पाळी का नको? रात्रभर हाच विचार डोक्यात घोळणार आज.

दय ३०

वरून मंजुरी मिळाली. चौघांना तारेवरच समजावून सांगितलं. आधी बीड, मग चौसाळा, मग आष्टी, मग कडा; तिथून फेरी उलटी, आष्टीवरून परत बीडपर्यंत. आपल्या पाळीत बोला, दुसऱ्याच्या पाळीत रिसीव्हर उचलू नका. पाळी चुकली तर मला कळवा, मी बघून घेईन. विहिरीची सूटही सांगितली. आणि खासगी बोलणं कुणाचंच चालणार नाही, हे दोनदा सांगितलं.

पाळी हा शब्द ऐकून धर्मराज फिदीफिदी हसला. "मुन्शी, दुसरं नाव न्हाई का घावलं?" त्याला कशाचंही हसू येतं.

कड्याचा नाईक मस्तानखान. हैदराबादकडचा, मराठी बेताचंच. त्यानं मात्र शब्द पाठ केला. "पाळी. पाळी. बराबर है."

बहमन ४

चाललं! आज तारेवर एकही भांडण नाही. कोंबड्यासुद्धा पाळीनं मागवल्या गेल्या.

कोणाला सांगू?

बहमन ८

कड्याची पाळी आली की मला बसवत नाही. मस्तानखान बोलत असतो आणि त्याच्यामागे एक कोंबडा आरवतो. सासऱ्यांचं घर ठाण्याला लागूनच आहे. तो कोंबडा सासऱ्यांचाच असणार. म्हणजे ती तिथेच कुठेतरी असणार, अंगणात, हाकेच्या अंतरावर. एकदा नुसतं विचारावं वाटतं, बाबा, भिंतीपलीकडे डोकावून बघ. पण बाकीचे दोघे ऐकणार. काय म्हणतील — नियम करणाराच पहिला मोडतो!

नाही विचारलं. पिकाची खबर घेतली आणि ठेवला.

आत्याबाईंनी आज नवीनच काढलं. चौसाळ्याच्या विठ्ठलरावांची मुलगी. घर चांगलं, मुलगी कामाची. "पौष लागायच्या आत सुपारी फोडू. शिवकन्येला कोण घराबाहेर काढतंय? ती बी राहील." दोन बायका घरात, आणि मी मध्ये! उत्तर दिलं नाही. माझं गप्प बसणं म्हणजे होकार असं त्यांनी धरलेलं दिसतं.

बहमन १२

कड्याला कार्ड टाकलं. तू येतेस की नाही, एवढंच. चौसाळ्याचं लिहिलं नाही, पण ते तिच्या कानावर गेलंच असणार. तारेवर नाही तर बाजारात.

बहमन १५

उत्तर नाही. कचेरीतल्या कचेरीत येरझाऱ्या घालतोय. शिरस्तेदार म्हणाले, "उत्तरेश्वर, खुर्चीला काटे फुटलेत का?"

बहमन १८

डोकं भणभणलंय. काय लोक आहेत!

कड्याची पाळी. मस्तानखान म्हणाला, "मुन्शीजी, एक शिकायत है. पाळी चुकी. दो दफा चुकी."

दोनदा! कालही त्याला वेळेवर तार दिली, परवाही दिली. माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा तक्रार केली की जास्त वेळ मिळतो, हे पेशकारांचं बघून हाही शिकला वाटतं! आणि सगळ्यांचे कान तारेला लागलेले. आवाज इतका बारीक, मला ओरडावं लागत होतं. मी म्हटलं, चुकली तर चुकली! त्यात एवढा गवगवा कशाला? पुढच्या पाळीची वाट बघायची. आणि पुन्हा चुकली तर मी वर रिपोर्ट करीन!

तो थोडा घुटमळला. "ऐसाच बोलूं?"

असंच सांग म्हटलं, शब्द न बदलता. ज्याची तक्रार आहे त्याला.

तेवढ्यात चौसाळ्याकडून कुणाला तरी जोराचा ठसका लागला आणि रिसीव्हर पडल्याचा आवाज आला. धर्मराज! दुसऱ्याच्या पाळीत ऐकत होता. त्याचाही रिपोर्ट करायला हवा.

बहमन २०

धर्मराज आज त्याच्या पाळीत म्हणाला, "मुन्शी, लई कठीण काळजाचे बघा तुमी." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, "नियमाचं न्हाई म्हणत मी. बरं जाऊ द्या, तारंवर काय बोलावं. एक डाव घरच्या बायामाणसांना इचारा, पाळी चुकली म्हंजी काय."

त्याच्या मस्करीला वेळ कोणाला आहे? कामाचं बोल म्हटलं. त्यानं जोंधळ्याचा भाव सांगितला आणि ठेवून दिलं.

बहमन २३

कड्याहून काही नाही. कार्डाला उत्तर नाही, निरोप नाही. म्हणजे तिनं मनाशी ठरवलंय. तिला यायचं नाही.

मी तरी कशासाठी अडून बसलोय? कालपासून एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, उठून परत बसतो. आत्याबाई म्हणाल्या, "असं का करतोस? लहानपणी ताप यायच्या आधी असंच करायचास." आणि कपाळाला हात लावून पाहिला.  त्याही थकल्यात. त्यांना या घरात मूल बघायचंय, यात त्यांचं काय चुकलं?

करा काय ते, म्हटलं.

बहमन २४

चौसाळ्याला निरोप गेला. तोही तारेवरून नाही, माणसाकरवी. माझाच नियम!

परवा सकाळी निघायचं. आत्याबाईंनी नारळ, सुपारी, खण आणलं. खणाचा रंग कैरीसारखा हिरवा. शिवकन्येला हाच रंग आवडतो. आत्याबाईंना माहीत असूनही त्यांनी तोच आणला की विसरून आणला, देव जाणे. मी तो उचलून कोनाड्यात ठेवला, मग काढून परत टोपलीत ठेवला.

बहमन २६

गाडी खोळंबलीय. तरी लिहितो.

वाटेत गाडी कचेरीच्या दाराशी थांबवली, आत्याबाई आत बसलेल्या. मी म्हटलं, कचेरीत डोकावून येतो, सकाळची एक फेरी लावून देतो. खरं म्हणजे कड्याचा कोंबडा ऐकायचा होता. शेवटचा. चौसाळ्याला जाऊन आल्यावर तो ऐकायचा मला काय हक्क?

बीड झालं, चौसाळा झालं, आष्टी झालं. कड्याची पाळी आली. मस्तानखाननं पिकाचं सांगितलं, एका चोरीचं सांगितलं. मग सहज म्हणाला, "मुन्शीजी, वो पाळीवाली शिकायत अब नै है. वो बाई फिर नै आई."

कोण बाई?

"तुम्हारी घरवाली. उनोंच आए थे ना ठाने पे. बोले, खानगी बोलना मना है, मैं जानती. तुम इत्ताच बोलो, पाळी चुकली, दोनदा चुकली. मुन्शीजी समझ जाते."

 तो पुढे म्हणाला, "तुम्हारा जवाब बोला मैं, पूरा. पुढच्या पाळीची वाट बघा, रिपोर्ट करीन, सब. पहले तो हंसे. फिर वहींच चबूतरे पे बैठ के रोए."

पाळी चुकली! दोनदा! अरे देवा!

सगळे ऐकतात म्हणून तिनं माझाच शब्द उचलला. माझाच नियम पाळला. सगळ्यांच्या देखत, कुणाला न कळता, फक्त मला कळावं म्हणून. आणि सगळ्यांना कळलं, धर्मराजला कळलं, मला नाही! इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले आणि मी म्हटलं, वर रिपोर्ट करीन!

तिला बोलाव म्हणून ओरडलो, तेवढ्यात घंटी घणघणली. कड्याची पाळी संपली होती. फेरी उलट फिरून आष्टीची आली होती, आणि पेशकार सुरू झाले. साहेबांच्या खुर्चीचा पाय मोडला, सुतार पाठवा.

दारातून गाडीवानाची हाक येतेय. पेशकार अजून बोलताहेत, कागद समोर आहे म्हणून हे लिहितोय, नाहीतर वेड लागेल. कड्याची पाळी पुन्हा जेवणं झाल्यावर. तोवर मी चौसाळ्याच्या रस्त्याला असेन.

बहमन २६, त्याच सकाळी

पाळी मोडली. मीच.

पेशकारांच्या बोलण्यात कड्याची घंटी दिली. ते कडाडले, कौन बदतमीज है? चौसाळ्याची घंटीही मध्ये आली. मी म्हटलं, बीडचा मुन्शी. विहिरीची सूट मागतोय. घरी बाळंतपण आहे. उन्हाळ्यानंतर असेल, पण आहे!

 मस्तानखान भिंतीपलीकडे हाका मारत होता. कोंबडा आरवला. मग बांगड्या वाजल्या आणि तिचा आवाज आला, पण इतका बारीक की एक शब्द लागेना.

खट्. चौसाळ्यानं ठेवला. थोड्या वेळानं आणखी एक खट्, आष्टीचा. पेशकारांनी ठेवला! तार कधी इतकी स्वच्छ ऐकली नव्हती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"ऐकताय ना? पुढली पाळी लई लांब हाय आता. तवर गाडी धाडा."

बाहेर आलो, आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी टोपलीतला खण काढून माझ्या हातात दिला आणि गाडीतून उतरल्या. गाडी चौसाळ्याकडे तोंड करून होती. मीच बैल वळवले.