सायकलवरून पडल्याचा व्रण

आई,

नमस्कार लिहायला घेतला, पण हात वळला नाही.

आज तुमच्या नातीच्या हाताचं ऑपरेशन झालं. हाडावर वाढलेल्या गाठी काढल्या, वाकलेलं हाड सरळ केलं. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "आता मला टाळी देता येईल ना?"

तिच्या मनगटाजवळ पहिली गाठ हाताला लागली, तेव्हा मी तुमच्याकडेच धावत आले होते. "वाढत्या अंगाला होतं असं," म्हणालात. डॉक्टरांनी घरात कुणाला आहे का विचारलं, तेव्हा तुमचा मुलगा माझ्याशेजारी बसून नाही म्हणाला. त्याच्या गुडघ्यावरचा व्रण सायकलवरून पडल्याचा, हे लग्नाआधी तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं.

काल इथल्या डॉक्टरांनी तो व्रण पाहिला. म्हणाले, "ही गाठच काढलेली आहे. आजार वडिलांकडून आलाय. आधी सांगितलं असतं, तर वेळोवेळी तपासून हाड इतकं वाकू दिलं नसतं."

तो खाली मान घालून म्हणाला, "आईने शपथ घातली होती."

आजार असूनही मी त्याच्याशीच लग्न केलं असतं. मला विचारायचं तरी होतंत.

आणि आज दुपारी तुमचा फोन. "धाकटीला दिवस गेलेत, तिच्यासमोर वाच्यता नको. पोरीचा हात मोडला म्हण." धाकट्या भाऊजींच्या पायावरही गाठी आहेत, हे काल तुमच्या मुलानेच सांगितलं. तुम्हालाही ते ठाऊक आहे.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तेही तुम्ही लपवाल. धाकटीला मी उद्या इथे बोलावलंय. मला जे कुणी सांगितलं नाही, ते मी तिला सांगणार आहे.

तुमची थोरली सून