गाळलेला चरण

प्रिय अंजली,

'प्रिय' हे रीत म्हणून लिहिलं. खरं तर गेले कित्येक महिने तुझ्यावर चिडून चिडून मी थकले आहे, आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना एवढं चिडणं मला परवडत नाही. बारावीला संस्कृतऐवजी दुसरा विषय मिळावा, असा तुझा अर्ज शुक्रवारी माझ्या टेबलावर आला. कारण काय, तर 'रस नाही.' दोन शब्द! हीच मुलगी पहिल्याच तासाला सायखेड्याच्या एसटीतून उतरून धापा टाकत आली आणि माझ्याशी भांडली, की कवींना कमळं दिसतात, मग कांद्याची फुलं का नाही दिसत? मी तोंडदेखलं दटावलं. स्टाफरूममध्ये मात्र तो प्रश्न चहाबरोबर सगळ्यांना वाटला.

गणपतीनंतर तुझं मौनव्रत सुरू झालं. ऋषींनासुद्धा इतकं जमत नसेल. मी उपाय केले. पुढच्या बाकावर बसवलं. प्रेरणादायी व्याख्यानाला पाठवलं. तिथे तू झोपलीस, तेवढं मला पटलं. शेवटी तुझ्या वडिलांना बोलावलं. नवनाथराव मार्केटला कोथिंबीर उतरवून तसेच आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, घरी म्हशीलाबी श्लोक म्हणून दाखवायची. आता लय गप झाली. तुमी काय बोलल्या का तिला?" मला ते उद्धट वाटलं. मी त्यांना मोबाईल, एकाग्रता आणि वय या विषयांवर पंधरा मिनिटं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना टेबलावर एक जुडी ठेवून गेले.

काल रविवारी सत्र परीक्षेचे पेपर तपासायला बसले. नदीवरच्या श्लोकाचा अर्थ बेचाळीसही जणांनी एकसारखा लिहिला होता, तुझ्यासकट: नदी तहान भागवते, शेतं पिकवते, मोबदला मागत नाही. सगळ्यांना पैकीच्या पैकी. शेवटच्या पेपरला कंटाळून मी सहज पुस्तक उघडलं. श्लोकाला चरण चार आणि अर्थ तीनच चरणांचा! फुगली की हीच नदी आपले काठ खाते, असं तिसरा चरण सांगतो. माझ्या नोट्समध्ये टाइप करताना तो गळला आहे. आठ वर्षं मी त्या झेरॉक्स वाटते आहे, मुलं त्या पाठ करतात, आणि मी त्याच समोर ठेवून गुण देते. आठ वर्षांत कुणालाही शंका आली नाही. मी तर संस्कृतची एम.ए., मला कशी येणार?

म्हणजे, एकीला आली होती. कपाटातून ऑगस्टच्या चाचणीचा गठ्ठा काढला. तुझ्या पेपरात तो चरण होता: 'पाणी पाजणारी हीच नदी पुराला काठचं वावर गिळते.' शेजारी लाल शाईत माझंच अक्षर: 'पदरचे लिहू नये. नोट्स पाहाव्यात.' अर्धा गुण कापलेला. शिवाय तुझं ते 'वावर' मी वर्गात मोठ्याने वाचलं होतं, हेही आठवलं. वर्ग हसला. मीही हसले. तू खाली बघत होतीस. त्यानंतर तू नोट्स पाहिल्यास, अगदी तंतोतंत. मी सांगितलं तेच तू केलंस, आणि वर मीच तुझ्यावर डाफरत राहिले! काल दुपारी मला माझा इतका संताप आला, की जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

तू मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. अर्जावर मी सही केली आहे. तुला जायचं असेल तर अडवणार नाही. पण जाताना रस नाही म्हणून जाऊ नकोस. छायाबाई चुकल्या म्हणून जा, आणि कारणाच्या रकान्यात तसंच लिही. अर्धा गुण परत दिला आहे. त्याने काय होणार, ते मलाही कळतं. बुधवारच्या तासाला मी वर्गापुढे सांगणार आहे, की आठ वर्षं मी चुकीचं शिकवलं आणि जिने बरोबर लिहिलं तिला हसले. नंतर तुझं उत्तर वर्गाला पूर्ण ऐकवायचं आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी त्याला पुन्हा हात लावणार नाही. मला माफ कर, आणि एवढंच कळव: ते मी वाचू, की तू वाचशील?

तुझीच, आणि तुझी अपराधी,
छाया मॅडम