चिमीच्या ताटातला तुझा वाटा

अर्धी भाकर आजही बांधावर गेली. नागली मी दळायची, भाकर मी थापायची, चुलीचा धूर मी गिळायचा, आणि खाणार कोण? तर कावळा. पोरीच्या पोटात चार घास, तेही मी डोळे वटारले म्हणून.

चिमीच्या आज्या, हे तुला लिहिते आहे. अंगणवाडीची ताई म्हणाली, नवऱ्याला लिहितेस तर 'प्रिय' लिही, 'तुम्ही' लिही. आपल्यात बायको नवऱ्याला तूच म्हणते. जन्मभर तू म्हटलं, आता मेल्यावर कसला मान? आणि प्रिय म्हणावं असं तू मागं काही ठेवलंही नाहीस.

माझी शाळा चौथीपर्यंतची, दोन ओळींत हात दुखायला लागतो. तरी लिहिते, कारण काल अंगणवाडीत चिमीचं वजन झालं. चार वर्षांची पोर, मागल्या महिन्याहून हलकी! ताई म्हणाली, पुढल्या वजनाला वाढ दिसली नाही तर जव्हारच्या दवाखान्यात भरती करावी लागेल. पोरगा-सून भिवंडीकडं वीटभट्टीवर. ते मला विचारतील, पोर तुझ्याजवळ ठेवली ती अशी सांभाळलीस? तुला कोण विचारणार? तू सुटलास.

खोड तुझी. तिला एका ताटात घेऊन बसायचास. एक घास तिचा, एक तुझा. वरईचा भात नको म्हणाली की तू म्हणायचास, बघ, मी खातो, मग तू खा. बोंबलाचे काटे काढता काढता तुझी दुपार जायची. मी चार पोरं वाढवली, एकाची अशी मिनतवारी केली नाही. भूक लागली की येतात चुलीपाशी. हे बोलले की तू नुसता हसायचास. पोर काय शिकली? आज्यानं खाल्ल्याबिगर आपण खायचं नाही. आणि हे शिकवून तू मेलास.

एक चूक माझीही झाली. लिहून टाकते, नाहीतर तू तिकडं दात काढत बसशील. तुझ्या दहाव्याला बांधावर पळसाच्या पानात भात, सुकट आणि तुझी विडी ठेवली. कावळा उतरला. चिमीनं विचारलं, कोण जेवतंय? मी म्हटलं, तुझा आजा आलाय जेवायला. सगळेच पोरांना असं सांगतात. मला माझ्या आजीनं सांगितलं होतं. मी काही रोज अर्धं जेवण उचलून बांधावर नेलं नाही!

ही नेते. कावळा आला तर उरलेल्यातलं थोडं खाते. नाही आला तर आजा जेवला नाही म्हणून ताट सरकवते. आपल्या पोशेरे गावचे कावळे माझे गडी आहेत का, हाक मारली की यायला? गूळ देऊन बघितला. अंगणवाडीतलं अंडं सोलून दिलं, तर त्याचेही दोन तुकडे केले. एकदा पाठीत धपाटा घातला. तो तिनं खाल्ला, भाकर नाही खाल्ली.

काल वजन करून घरी आलो. भाकर पुढं ठेवली आणि सांगितलं, आज बांधावर जायचं नाही. आजा मेला, मेलेल्याला भूक नसते.

पोर रडली नाही. म्हणाली, "तो खोटा घास खायचा."

म्हणजे काय, म्हटलं. तर तिनं करून दाखवलं. तुकडा तोंडाशी नेला, रिकामे गाल हलवले, आणि तुकडा हळूच ताटाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. तिच्या बाजूला.

"त्याचं सगळं मीच खाल्लं," म्हणाली. "म्हणून भुकेनं मेला का गं, आजे?"

ऐकलंस?

शेवटचा महिना खोकल्यानं तुला घास उतरत नव्हता, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, पोरीबरोबर बसला की दोन घास तरी जातात पोटात. म्हणून त्या ताटात मी भात जास्ती वाढायची. मला फसवलंस ते फसवलंस. पण पोरीच्या डोळ्यांदेखत असले खेळ करताना हिला कळेल, ही मनात काय धरील, हे एवढ्या मोठ्या डोक्यात आलं नाही?

मी सांगितलं, नाही गं, छातीनं गेला, खोकल्यानं गेला. तिला पटलं नाही. का पटावं? आधी मीच म्हटलं आजा जेवायला येतो, मग मीच म्हटलं मेलेल्याला भूक नसते.

आता एक कबूल करते. तुझं पान मी चुकवणार नाही. पितरांत ठेवीन, नवं भात निघालं की आधी तुला ठेवीन, सुकट घालून. पण ते माझ्या वाट्यातलं. तिच्या ताटातलं शीतही तुला मिळणार नाही. आणि पोरीवर पुन्हा हात उचलणार नाही.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. माझं देऊन झालं, फुकट गेलं. ते तू द्यायचं. सपनात जा, वाऱ्यानं जा, कसाही जा, पण पुढल्या वजनाच्या आत जा. आणि माझ्याकडं येऊ नको, तिच्याकडं जा. पोटभर जेवून गेलो, असं तिला सांग. खोटं असलं तरी सांग. तेवढं तुला चांगलं जमतं.

काशी