दसऱ्याला पुजलेलं कार्ड

१९ ऑक्टोबर २००७, शुक्र.

मासिकाने तपासायला पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड आलं. कुरियरवाला आमच्या इंद्रलोक वस्तीतल्या चार बिल्डिंगा फिरून दमला आणि खालच्या किराणावाल्याकडे टाकून गेला. साबणाच्या खोक्यांवर ठेवलं होतं! खोक्यावर मासिकाचं नाव ठळक, म्हणून तो विचारतो, "मंगेशभाई, टीवी में आनेवाले हो क्या?"

काय देखणं आहे. नेहमीचा बारका पंखा काढून कंपनीने स्वतःचा भलामोठा बसवलाय, त्याखाली तांब्याच्या नळ्या आणि पातळ पात्यांची रांग. शिवाय वेग कारखान्यातच वाढवून दिलाय, आपण काही छेडछाड करायची नाही. दावा असा की एवढं पळूनही थंड राहतं. खरं की खोटं ते कोण सांगणार? मी. लोकांच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून झुरळं काढणारा मी.

संपादक मॅडम फोनवर म्हणाल्या, "हा रिव्ह्यू नीट उतरला तर टेस्ट लॅबमधली जागा तुझी. महिनाअखेरच्या आत दे."

लावायला स्क्रू काढले तर आई मध्ये. "नवी वस्तू आहे. परवा दसरा. पुजल्याशिवाय सुरू करायची नाही." गेल्या वर्षी यूपीएस न पुजता लावला आणि तो जळला, हे तिचं ब्रह्मास्त्र. वायरिंग खराब होतं, पण ऐकतो कोण. हो म्हणालो. खरं तर मलाही थोडी धास्ती...

२० ऑक्टो., शनि.

कार्ड कपाटावर. मी खाली. दोनदा स्टुलावर चढून बघून आलो.

भाईंदर पश्चिमेला एका दुकानाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो, तिथे मन नाही. शेटजी म्हणाले, "आज तबियत ठीक नथी?" घरी येऊन माझ्या जुन्या कार्डाची तापमान, वेग अशी मापं घेऊन ठेवली, म्हणजे नव्याशी तुलना करता येईल. नव्याची घ्यायला दहा मिनिटं लागली असती. आई देवळात गेली होती तेवढ्यात. नाही घेतली. आज्ञाधारक!

२१ ऑक्टो., रवि. दसरा

पाटावर सरस्वती, माझे स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, आईची विळी आणि मधोमध कार्ड. आईने कार्डावर पाणी शिंपडायला हात उचलला, मी ओरडलो. तर म्हणाली, "बरं, कोरडं पुजते." मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि पंख्याच्या मधोमध जागा छान आहे म्हणून मूठभर अक्षता तिथेच. बाबा गेल्यापासून दर दसऱ्याला ती माझ्या हत्यारांना हे सगळं करते आणि करताना पुटपुटते. आज ऐकू आलं. "याला आता एका जागी बसून खायला मिळू दे."



पुजलेलं यंत्र आज हलवायचं नाही, हा पुढचा नियम. सगळ्यांना आपट्याची पानं वाटत फिरलो.

२२ ऑक्टो., सोम.

माळ काढली, कार्ड उलटं करून झाडलं, अक्षता पडल्या, कुंकू पुसलं, बसवलं. सुरू!!

पहिली पाच मिनिटं स्वर्ग. ज्या गेममध्ये माझं जुनं कार्ड धापा टाकायचं तिथे हे लोण्यासारखं. मी एकटाच खोलीत "वा" म्हणालो.

मग पंखा चढायला लागला. तापमान ९४. पंख्याच्या घोंगाटात बारीक टकटक. पाऊण तासात पडद्यावर रंगीत ठिपके, आणि सगळं गोठलं.

ग्रेगरी आला होता, तारोडी गावातला, कॉलेजपासूनचा दोस्त. त्याचा भाऊ जहाजावर आहे, दिवाळीला येताना हेच कार्ड आणणार, फक्त मी हो म्हणायची खोटी. ग्रेगरी कानावर हात ठेवून म्हणाला, "अरं, कार्ड हाय का पिठाची गिरन?"

२४ ऑक्टो., बुध.

तेच. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबल फॅन लावला, तरी तेच. पॉवर सप्लाय बदलला, तेच. ऑक्टोबरची गरमी म्हणावी तर जुनं कार्ड त्याच खोलीत शांत आहे. म्हणजे दोष कार्डात.

मॅडमना फोन. "नक्की? दिल्लीच्या एका रिव्ह्यूवाल्याने डोक्यावर घेतलंय त्याला."
"त्यांच्याकडे एसी असेल, मॅडम."
हसल्या. "लिही मग. आपलं पहिलं 'नापास' असेल. पण ठासून लिही."

कबूल करतो, आनंद झाला. चांगलं कार्ड चांगलं आहे हे कुणीही लिहील. वाईट शोधायला डोकं लागतं. आजवर झुरळंच शोधली, आज हे.

२६ ऑक्टो., शुक्र.

रिव्ह्यू मेलने पाठवला. शेवटचं वाक्य इंग्रजीत चारदा बदललं. मथितार्थ: थंड राहण्याचा दावा पोकळ, पंखा गोंगाट्या, वाढवलेला वेग कार्डाला झेपत नाही. घेऊ नका.

ग्रेगरीने भावाला निरोप धाडला. "न्हाय बोललाय आमचा मंग्या, म्हंजे न्हाय." छाती फुगली.

आईने विचारलं, "पास झालं का तुझं कार्ड?" म्हटलं, नाही. तिचा चेहरा उतरला. म्हटलं, अगं कार्ड नापास, मी पास. तिला हे पटलं नाही.

२७ ऑक्टो., शनि.

परत पाठवायला म्हणून कार्ड काढलं. पिशवीत सरकवताना तळहातावर काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा. लाल.

मग टॉर्च घेऊन पात्यांमध्ये बघितलं. पंखा उतरवला. खाली झेंडूच्या पाकळ्यांचा थर, भाजून पापडासारखा. माळ ओढून काढली तेव्हा पाकळ्या आत गळल्या असणार, आणि पंख्याने त्या पात्यांवर नीट चोपून बसवल्या. मधे मधे अक्षता. एक दाणा पंख्याच्या कडेला अडकलेला, तीच टकटक.

हवा जायला जागाच नव्हती. मी जगभरचं तपासलं, पंख्याखाली बघितलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेलो असतो तर पहिलं तेच उघडून बघितलं असतं. पण आपल्या घरची पूजा, तिच्यावर संशय कसा येणार!

ब्रशने साफ केलं. आई स्वयंपाकघरात. तिला काही बोललो नाही.

२८ ऑक्टो., रवि.

पुन्हा चाचणी. तापमान ७१. पंख्याचा आवाज शोधावा लागतो. दिल्लीवाला बरोबर होता. लाजेने कान तापले.

मॅडमना फोन लावायला घेतला, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका चमकून गेला.

एकच. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा, तिथेच. वेग थोडा उतरवला की येत नाही. कारखान्याने दिलेल्या वेगावर ठेवला की केव्हातरी येतो.

आता हे कुठून आलं? आधीपासूनच होतं, म्हणजे कंपनीने वेग जास्त ताणलाय आणि माझा निकाल चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर? की मीच त्याला चार दिवस झेंडूत भाजलं म्हणून? दसऱ्याआधीची दहा मिनिटं माझ्याकडे असती तर...

जेवण गेलं नाही. गॅलरीत येरझाऱ्या. खालचा वॉचमन वर बघून, "सब ठीक?" हो, ठीक.

२९ ऑक्टो., सोम.

मॅडमना सगळं सांगितलं. झेंडूसकट. आधी खूप हसल्या.

"मग खरं काय? कार्ड खराब, की तुझी चाचणी?"
"दुसरं कार्ड मिळालं तर..."
"दिवाळीआधी नाही मिळणार. पान उद्या संध्याकाळी छपाईला जातं. नापास छापू, पास छापू, नाहीतर तिथे जाहिरात टाकू."
"आणि लॅबचं?"
"लॅबमध्ये मला असा माणूस हवाय जो विचारल्यावर ठाम सांगतो. उद्या फोन करते."

पान सोडलं तर जागा गेली. पास म्हटलं आणि ठिपके खरे असले तर ग्रेगरीसारखे किती जण फसतील. नापास म्हटलं आणि ठिपके माझे असले तर चांगल्या वस्तूवर काट मारली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ग्रेगरीला विचारलं. "तुला काय वाटतं ते बोल ना." अरे, मला काय वाटतं तेच तर कळत नाहीये.

३० ऑक्टो., मंगळ.

कामाला दांडी मारली. सकाळपासून कार्ड चालू, मी कोपऱ्याकडे बघत. दुपारपर्यंत एकही ठिपका नाही. डोळे चुरचुरतायत, त्यामुळे आलेला ठिपका चुकला नसेल याचीही खात्री नाही.

आई चहा घेऊन आली. कप ठेवून तिथेच उभी राहिली.
"अक्षता अडकल्या होत्या ना आत?"
मी वळलो.
"कचऱ्यात दिसल्या. पाकळ्या पण. काळ्या झालेल्या." मग म्हणाली, "माझ्यामुळे बिघडलं का रे?"

नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण म्हणजे कार्ड कारखान्यातूनच वाईट आलं, म्हणजे नापास, आणि तेच मॅडमना सांगायचं. हो म्हटलं तर कार्ड चांगलं होतं, आणि ते आईने... दोघींचा प्रश्न एकच आहे. एकीला एक आणि दुसरीला दुसरं उत्तर मला देता येणार नाही. आईसाठी म्हणून मी कार्ड नापास करतोय का, हेही आता मला कळत नाही.

"माहीत नाही, आई," म्हटलं. "तेच बघतोय."

वाटलं, रडेल. ती आत गेली, चष्मा लावून आली आणि माझ्या शेजारी खाटेवर बसली. "कुठे बघायचं?"

कोपरा दाखवला. हिरवं काही चमकलं तर सांग. दोघं बघत बसलो. गेममधली गाडी आपली वळणं घेत होती, आईचे ओठ हलत होते. मी तिला म्हटलं, देवाला काही मागू नकोस, नुसतं बघ. हो म्हणाली. ओठ हलतच राहिले.

मग फोन वाजला. मॅडम. मी नंबर बघायला मान वळवली.

"तिथे काहीतरी झालं का रे आत्ता?" आई म्हणाली. "का माझ्याच डोळ्यांना..."

फोन वाजतोय.