चुलीच्या जागेवरचं मशीन

माय,

मशीन अजून चालतं. काल ब्रह्मपुरीहून आलेल्या मिस्त्रीने पट्टा उतरवून चाक हाताने फिरवलं, वरचं टेबल पुढे-मागे सरकवून पाहिलं आणि "बाई, यात काईच खराबी नाई" असं सांगितलं. तो ते विकत घेतो आहे. बाबांनंतर त्याला कोणी हात लावला नाही. मी नुसती धूळ पुसत आले. तेव्हा मी हो म्हटलं. रात्री वाटलं, तुला विचारायला हवं होतं. ती जागा तुझी होती.

त्या काळी चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, आणि बाबा तिथल्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. आठवड्याच्या सुटीला छोट्या लाइनच्या गाडीने आपल्या मूल गावी येत, दुसऱ्या दिवशी पहाटे परत जात. वर्कशॉपातलं लोखंड कापायचं जुनं मिलिंग मशीन विकायला निघालं तेव्हा ते त्यांनी घेतलं. आपल्याकडच्या भातगिरण्यांच्या चाकांचे दाते झिजले की गिरणीवाल्यांना थेट नागपूर गाठावं लागे. ते दाते घरीच पाडून द्यायचे, नोकरी सोडायची आणि कायमचं घरी राहायचं, असा त्यांचा बेत होता. घरात दगडी फरशी फक्त सैपाकखोलीत होती, एवढा भार तीच पेलणार होती. तू चूल मागच्या पडवीत नेलीस.

स्टेशनवरून ते लाकडं वाहायच्या बैलगाडीने आलं. गाडीवान जंगलातल्या गावचा, सागाचे ओंडके ओढण्यात हयात गेलेला. सैपाकखोलीची रस्त्याकडची भिंत पाडली होती. जमिनीवर गोल ओंडके टाकून, पहारींनी रेटत माणसं मशीन आत सरकवताहेत आणि मी तुझ्याजवळ तांदूळ निवडत बसले आहे. गाडीवान घाम पुसत विचारतो, "भाऊ, हे धान कांडते का?"

"नाई, लोखंड खाते," बाबा म्हणतात.

"निस्तं लोखंड?"

"माही चूल बी खाल्ली ना पयलेच," तू पडवीतून म्हणतेस, आणि पहारी धरलेले सगळे हसतात. बाबाही हसतात. तसे ते हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले.

दुसऱ्या दिवशी चाक फिरेना. पौषातले दिवस होते, आभाळ भरून आलं होतं, ऊन दिवसभर पडलंच नाही. बाबांनी हाताने जोर लावला, मग चाकाला पाइप अडकवून लावला, मग काही तुटेल या भीतीने नाद सोडला. मशीन वाटेत दुखावलं, की विकणाऱ्यांनीच मोडकं गळ्यात मारलं, हे त्यांना ठरवता येईना. दुपारी ते भिंतीच्या भगदाडाशी बसून राहिले. नोकरी सोडून आले होते, पण खाणीतली त्यांची जागा अजून भरली नव्हती.

पण मी पहाटे तुला पाहिलं होतं, माय. चांद्याच्या स्टेशनात मशीन उघड्यावर पडून होतं. दवाने गंज चढू नये म्हणून बाबांनी हाताशी मिळालं ते मोहाच्या बियांचं तेल सांध्यासांध्यात ओतलं होतं. ते तेल गारठ्यात तुपासारखं थिजतं. तुझ्या पडवीतल्या बरणीतलंही थिजलं होतं. तू दिवा घेऊन मशीनजवळ गेलीस, एका सांध्यातून बोट फिरवलंस, अंगठ्यावर घासून पाहिलंस आणि पदराला पुसलंस. मग तुझ्या भांड्यांच्या जुन्या फळीची जागा होती त्या भिंतीकडे बघत उभी राहिलीस. दिवसभर बोलली नाहीस. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

संध्याकाळी बाबांनी पिशवीत शर्ट भरला. "उद्याच्या गाडीनं जातो," म्हणाले. "हे भंगारात देऊन टाकू. तुले तुई खोली परत भेटन."

तू चुलीपुढून उठलीस. लोखंडी घमेल्यात निखारे ओढलेस, आत नेऊन मशीनच्या पोटाखाली सरकवलेस. "तेल थिजलं आहे तुमचं," म्हणालीस. "काऊन भंगारात देता? जेवून घ्या, तवरीक सुटते." जेवण होईपर्यंत चाक सुटलं. पिशवीतला शर्ट तूच काढून खुंटीला लावलास.

त्यानंतर बाबा घरीच राहिले. अंगणातलं ऑइल इंजिन सकाळी सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. जेवायला बोलावताना तू तीनदा हाक मारायचीस, मग जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचीस. ते घरी होते, पण पाठमोरे.

तो दिवसभर तू गप्प का होतीस, यावर मी पुष्कळ विचार केला. आधी वाटायचं, चुलीचा राग. पुढे मी शिक्षिका झाले, एकटी राहिले, बदलीच्या गावी संध्याकाळी स्वतःच्या हाताने दार लावून घ्यायची सवय झाली. तेव्हा कळलं की आठवड्यातले सहा दिवस ते घर फक्त तुझं होतं. ते द्यावं की नाही, एवढंच तू त्या दिवशी ठरवत होतीस. बाबांनी ते आपणहून परत देऊ केलं, आणि तू उठलीस. माझा हा अंदाज खरा की खोटा, सांगायला कोणी उरलं नाही. हे लिहून झालं की मी कागद चुलीत घालीन.

परवा सकाळी मिस्त्री ट्रॅक्टर आणि माणसं घेऊन येईल. रस्त्याकडची भिंत पुन्हा पाडावी लागेल. दिवे लागायच्या आत बांधून देतो म्हणाला. काल तो चाकाला हात घालत होता तेव्हा मी दारात उभी होते. ते फिरू नये, असं मला वाटलं.