साक्षीदाराचा हिस्सा

मी, शिवणकामाच्या दुकानाची मालकीण, गुडघे गेलेली पण डोके ठिकाणावर असलेली बाई, कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या घरात असा दाखला मिळवणारी मी एकटीच.

१. दुकान, इस्त्री, मोठी कात्री आणि सगळ्या मशीन मुलीला. त्यातली काळी मशीन मी जुन्या बाजारातून विकत घेतली. ती आधीही माझीच होती. मुलाने विकली, मी आणली. पुन्हा विकली, पुन्हा आणली. शेवटी तिथला दुकानदारच म्हणू लागला, "या ताई, तुमची बाजूला ठेवलीय."

२. धाकट्या दिरांना माझी इच्छाशक्ती. "पोराचा मनावर ताबाच नाही, वहिनी," हे ते सिगारेटवर सिगारेट पेटवत सांगत आले आहेत. त्यांना ती कामी येईल.

३. मुलाला पहिली पुडी फुकट देणाऱ्या त्याच्या मित्राने माझ्या अंत्यविधीला फिरकू नये. फिरकलाच तर त्याला बसायला सांगू नये.

४. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना मी शिवलेला लोकरी कोट. त्यांनी मला समजावले की मेंदू आनंदाचा रस एरवी थोडा थोडा सोडतो. नशेची पावडर तो रस एकदम लोटते. मग मेंदू आपली दारे लावून घेऊ लागतो. तेवढीच पावडर पुरेनाशी होते, आणि ती नसली की जेवण, गाणे, माणसे, सगळेच बेचव. पुढे माणूस मजेसाठी घेत नाही, नुसते उभे राहता यावे म्हणून घेतो. 'नको' म्हणणारा मेंदूचा भागही तोवर ढिला पडलेला असतो. मी इतकी वर्षे समजत होते की त्याला आई नकोशी झाली. बाई म्हणाल्या, त्याला तेव्हा काहीच हवेसे वाटत नव्हते. वाईट बातमी ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

५. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे.

या कलमाचा खुलासा करणे भाग आहे. मुलगा बरा होऊन आला आहे, दुकानात कापड बेततो. मसुदा वाचून होताच त्याने वकिलांना विचारले, "साक्षीदाराला वाटा मिळतो का हो?"

"नाही. ज्याने साक्ष घातली, त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणून तर बाहेरची माणसं बोलावतात."

"मग दुसरी सही माझी घ्या."

मी खवळले. "अरे, जन्मभर बोटांत सुया टोचून घेतल्या त्या कोणासाठी?"

"माझ्यासाठीच, आई. पण तू गेलीस की मला पावडर आठवणार. हातात घर असलं तर मी ते विकणार. आता अंगाला सवय नाही, पूर्वीएवढी घेतली तर मरेन."

मुलगी म्हणाली, "दादा, माझ्याकडे राहा. कपाटाची किल्ली मात्र मागायची नाही."

"मागितली तरी देऊ नकोस," तो म्हणाला.

त्याचा रद्द होणारा हिस्सा मुलीकडे जावा. वकील म्हणाले, पाचवे कलम खोडून नवे लिहू. मी खोडू दिले नाही. आईने दिले होते, हे कागदावर राहू दे.

स्थळ: दुकानाची मागची खोली. तारीख वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.

लिहून ठेवणार: आई.

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी.

साक्षीदार दुसरा: मुलगा. वाचून, समजून, आई रडत असताना सही केली.